पहिला वर्ग आणि चार माणसे

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी भावांची चढउतार, मंडीचे नियम, करांची आकारणी अशा विषयांवर जाणकार मंडळी लिहीत असतात. यंदा संपादक मंडळाने प्रस्तुत लेखकास महाविद्यालयीन शिक्षणाविषयी लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम हसूच आले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, सारा जन्म दालबाजारात गव्हा-हरभऱ्याच्या पोत्यांत काढलेला मनुष्य. महाविद्यालयाची पायरी चढलो ती मुलांची फी भरण्यापुरती. परंतु ज्या चुकीची किंमत आपण स्वतः मोजली आहे, तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार मनुष्यास असतो, असे मनात आले. म्हणून हे चार शब्द.

आपल्या ग्वाल्हेरास विद्येची वानवा कधीच नव्हती. १८९९ साली लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते उघडलेले व्हिक्टोरिया कॉलेज १९५७ पासून महाराणी लक्ष्मीबाई यांचे नाव धारण करून आजही उभे आहे. १९४६ साली गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९५७ साली माधव इन्स्टिट्यूट, १९६४ साली जिवाजी विद्यापीठ आणि १९९७ साली माहिती तंत्रज्ञानाची संस्था. एके काळी व्यापाऱ्याच्या मुलास जमाखर्च आला की त्याचे शिक्षण पुरे होई. आता आपल्या घरची मुले-मुली या सर्व संस्थांतून शिकत आहेत. ही अभिमानाची गोष्ट होय. मात्र या अभिमानाबरोबर एक नवा रोग आपल्या घरांत शिरला आहे. मुलाचे गुण विचारायचे, आणि मूल मात्र विचारायचे नाही, हाच तो रोग. तो माझ्या घरात प्रथम आला, म्हणून आधी माझेच सांगतो.

माझा मुलगा परगावी वसतिगृहात राहून अभियांत्रिकी शिकत होता. पहिल्या वर्षापासून वर्गात पहिला. मी त्यास बजावून ठेवले होते की, मित्र, मेळा, लग्नकार्य, सहली हे सर्व पदवी मिळाल्यानंतर. चुलत बहिणीच्या लग्नास त्यास येऊ दिले नाही. तिसऱ्या वर्षी परीक्षा चालू असताना माझे वडील आजारी पडले. ते रोज नातवाची चौकशी करीत. मुलाचा दूरध्वनी आला की आम्ही सांगत असू, "आजोबा बरे आहेत, तू अभ्यास कर." शेवटचे तीन पेपर राहिले असता वडील गेले. तो परतला तेव्हा अग्निसंस्कार होऊन चार दिवस झाले होते. महिन्याभराने निकाल लागला. पुन्हा पहिला क्रमांक. त्याने गुणपत्रिका आजोबांच्या तसबिरीखाली ठेवली आणि एवढेच म्हणाला, "बाबा, तुम्ही मला विचारायला हवं होतं." त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही.

आज तो मोठ्या नोकरीवर आहे. वर्षातून एकदा चार दिवसांसाठी घरी येतो आणि चारही दिवस खोलीत बसून राहतो, कारण या गावात त्याचा म्हणावा असा एकही मित्र नाही. गुणांच्या खात्यात मी त्याला श्रीमंत केले. माणसांच्या खात्यात मात्र मी त्यास रिकामा ठेवला.

यावर कोणी म्हणेल की, मुलास मोकळे सोडले असते तर पहिला वर्ग गेला असता. हा आक्षेप योग्य आहे. मुले बिघडल्याची उदाहरणे आपल्या बाजारातही काही कमी नाहीत. परंतु अभ्यास व मैत्री ही एकमेकांची वैरी आहेतच, असे धरून चालणे मात्र बरोबर नाही. याच शहरातील एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. पक्षभेद क्षणभर बाजूस ठेवून ते पाहावे. अटलबिहारी वाजपेयी यांचा जन्म २५ डिसेंबर १९२४ रोजी ग्वाल्हेरात झाला. वडील शाळामास्तर. व्हिक्टोरिया कॉलेजात त्यांनी हिंदी, इंग्रजी व संस्कृत हे विषय घेऊन पदवी मिळविली. त्याच काळात ते सभा गाजवीत, कविता करीत आणि १९४४ साली आर्यकुमार सभेचे सरचिटणीसही झाले. पुढे कानपूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजातून राज्यशास्त्राची एम. ए. परीक्षा ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. त्याच कॉलेजात कायद्याच्या वर्गास त्यांचे वडीलही त्यांच्याबरोबर शिकावयास होते आणि पितापुत्र एकाच वसतिगृहात राहत. नया बाजारातील बहादुराच्या लाडवांची त्यांची आवड तर अखेरपर्यंत टिकली. चार माणसांत वावरल्यामुळे त्यांचा पहिला वर्ग अडला नाही. उलट, त्यांची वाणी घडली ती चार माणसांतच.

अर्थात असा पुरुष लाखांत एक. तेव्हा सामान्य विद्यार्थ्यांचे काय, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात यूरी ट्राइझमन नावाच्या गणितज्ञाने १९७० च्या दशकात एका प्रश्नाचा शोध घेतला. कलनशास्त्राच्या वर्गात चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले गुण मिळवीत आणि कृष्णवर्णी विद्यार्थी पुष्कळ संख्येने मागे पडत. गरिबी, आळस, शाळेतील कच्ची तयारी अशी कारणे लोक देत. ट्राइझमन यांनी दोन्हीकडील वीस वीस विद्यार्थी प्रत्यक्ष कसा अभ्यास करतात, ते जवळून पाहिले. मागे पडणारे विद्यार्थी कष्टाळूच होते. पण ते एकटे बसत. अभ्यास वेगळा आणि मित्र वेगळे, अशी त्यांनी भिंत घातली होती. एखादे उदाहरण सुटले नाही, तर अडचण केवळ आपल्यालाच आहे असे त्यांस वाटे. चिनी मुले आधी एकेकटी अभ्यास करीत आणि नंतर एकत्र जमून एकमेकांची उत्तरे तपासीत, खातपीत, गप्पा मारीत. ट्राइझमन यांनी पुढे मागे पडणाऱ्यांसाठी असेच एकत्र बसून कठीण उदाहरणे सोडविण्याचे वर्ग काढले, आणि त्यांचे गुण पुष्कळ वाढले. व्यापाऱ्यास यात नवल वाटू नये. एकटा बसून भाव ठरविणारा फसतो. चार जणांना विचारणारा सहसा फसत नाही.

आता वेळेचा हिशेब पाहू. आठवड्याचे तास १६८. रोज ८ तास झोप धरली तर ५६ तास. महाविद्यालय ६ दिवस ६ तासांप्रमाणे ३६. स्नान, भोजन, जाणेयेणे यास रोज ३ प्रमाणे २१. घरी अभ्यास रोज ४ प्रमाणे २८. एकूण खर्च १४१. शिल्लक २७. यांतील १० तास घरच्या कामांस व वडीलधाऱ्यांस दिले तरी १७ तास उरतात. मित्रांस एवढे पुरेत. मग मुले वेळ नाही म्हणतात, ती खोटे बोलतात काय? नाही. हातातील मोबाईलवर रोज ३ तास गेले, तर आठवड्यास २१ होतात. त्या २७ मधून २१ वजा केले की उरतात ६. पोत्यास भोक पडावे आणि मालकाने हमालावर संशय घ्यावा, तसे आपण मित्रांवर संशय घेतो. गळती दुसरीकडेच असते.

झोपेचेही तसेच. परीक्षेच्या आदल्या रात्री मूल जागले की आपणांस धन्य वाटते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे रसायनशास्त्राच्या वर्गातील सुमारे १०० विद्यार्थ्यांच्या मनगटी उपकरणांवरून त्यांची झोप मोजली गेली, आणि २०१९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे सत्रभर पुरेशी व नियमित झोप घेत, त्यांस सामान्यतः अधिक गुण मिळाले. केवळ आदल्या रात्री घेतलेल्या चांगल्या झोपेचा मात्र गुणांशी संबंध दिसला नाही. रोकड रोज जुळवावी लागते. दिवाळीच्या आदल्या रात्री बसून वर्षाचा हिशेब जुळत नाही.

आमच्या धंद्यात गोदामात थप्प्या लावताना भिंतीपासून जागा सोडतात, दोन थप्प्यांमध्ये वाट ठेवतात, खाली लाकडी फळ्या घालतात. नवख्या माणसास वाटते की, एवढ्या जागेत आणखी शंभर पोती मावली असती. मावली असती खरी. पण वारा न मिळाल्याने धान्य ओल धरते, तापते, कीड लागते, आणि हे बाहेरून कळते तेव्हा उशीर झालेला असतो. मुलाच्या दिवसात मी अशी वाट ठेवली नव्हती.

आता दुसरी बाजू. माझ्या थोरल्या मुलीची मुलगी शिक्षणासाठी आमच्याच घरी राहते. गेल्या वर्षी डिसेंबरात तिने विचारले, "आजोबा, वादविवाद स्पर्धेसाठी मैत्रिणींबरोबर तयारी करायची आहे, आणि नंतर मेळ्यालाही जायचं आहे. जाऊ का?" १९०५ पासून भरणारा आपला मेळा आणि सत्राची परीक्षा, दोन्ही थंडीतच. पूर्वीचा मी असतो तर एका शब्दात नाही म्हटले असते. या वेळी वरील हिशेबाचा कागद पुढे केला आणि म्हटले, "बेटा, जमा आणि नावे तूच मांड." तिने मोबाईलचे तास घटविले आणि आठवड्यातील दोन संध्याकाळी मैत्रिणींस दिल्या.

एक अडचण आली, ती आपल्या पुष्कळ घरांत येते. मैत्रिणी एकत्र जमत त्या रात्री नऊनंतर, खाण्यासाठी. आणि आमच्या घरी सूर्यास्तानंतर जेवण नाही. एवढ्यावरून आपली कितीतरी मुले मित्रांपासून दूर राहतात, किंवा घरी खोटे बोलतात. नातीने लपविले नाही. तिने मैत्रिणींस स्पष्ट सांगितले, आणि त्यांनीच बैठक दुपारी चारला आमच्या घरी ठरविली. माझ्या सौभाग्यवतीने पोहे केले. पाच मुली आमच्या ओसरीवर बसून भांडत-हसत अभ्यास करीत आहेत, हे दृश्य मी प्रथमच पाहिले.

निकालात तिचा क्रमांक पहिल्यावरून तिसऱ्यावर आला. खोटे कशास सांगू, मला वाईट वाटले. त्या रात्री मी कागदावर पुन्हा हिशेब मांडीत बसलो. परंतु पुढच्याच महिन्यात सौभाग्यवतीस रुग्णालयात ठेवावे लागले, तेव्हा त्या चार मुली आळीपाळीने रात्री उशाशी बसल्या. एकीने नातीसाठी वर्गातील टिपणे आणून दिली. तिचा अभ्यास बुडाला नाही आणि आजीजवळ बसणेही सुटले नाही. त्या रांगेत मला माझा मुलगा आठवला. त्यास असे कोणी नव्हते, आणि त्यास आम्ही बोलावलेही नव्हते.

व्यापारी बंधु-भगिनींनो, आपण मुलांस सैल सोडावे, असे माझे म्हणणे नाही. पहिला वर्ग हवाच. तो कष्टावाचून मिळत नाही. परंतु संध्याकाळी दुकान बंद करून घरी गेल्यावर "किती गुण मिळाले?" याबरोबर "आज कोणाशी बोललास?" असेही विचारीत जावे. घरात सुख-दुःखाचा प्रसंग आला तर तो लपवू नये. येणे न येणे मुलासच ठरवू द्यावे. परीक्षा पुन्हा देता येते.

मुलगा या दिवाळीस येणार आहे. त्याच्या शाळेतील एका जुन्या सोबत्याचा पत्ता मी शोधून ठेवला आहे. तो आपल्याच बाजारात तेलाचा व्यापार करतो. दोघांस ओसरीवर बसवावे आणि आपण दुकानी निघून जावे, असा माझा विचार आहे.