नवा ब्राउझर आणि जुनी हमाली

मिरज स्टेशन आमच्या तरुण श्रोत्यांनी पाहिलेले आहे. परंतु आमच्या लहानपणी त्या एकाच स्टेशनात तीन रुंदीचे रूळ होते, हे त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. पुण्याकडे ब्रॉडगेज, बेळगावकडे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे नॅरोगेज. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चालत नाही. म्हणून माल उतरवायचा, पाठीवर घ्यायचा आणि दुसऱ्या डब्यात भरायचा. पोते तेच, धनी तोच. पण रूळ बदलला की हमाली पडे. ती कोणी द्यायची यावर भांडणे होत, परंतु हमाली पडते हे कोणी नाकारीत नसे.

ही गोष्ट आम्हांला पुन्हा आठवली ती २००८ साली. सांगलीतील एका लहानशा कार्यालयात संकेतस्थळे तयार करणारी चार-पाच मुले आमच्या युनियनच्या खोलीवर येत. आमचे शालेय शिक्षण थोडे. या विषयातले जे काही कळते ते त्यांच्याकडूनच शिकलो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांतला एक जण आला आणि म्हणाला, "दादा, आणखी एक आला. आता रविवारही गेला." आम्ही विचारले, "कोण आला?" तो म्हणाला, "ब्राउझर."

ब्राउझर म्हणजे काय, हे आधी पाहू. संकेतस्थळाचे पान आपल्याकडे चित्र म्हणून येत नाही. सूचनांच्या रूपाने येते. हे शीर्षक मोठे करा, ही ओळ डावीकडे ठेवा, येथे बटण दाबले की अमुक करा, अशा त्या सूचना. त्या वाचून पान मांडणारा कारागीर म्हणजे ब्राउझर. सूचना कशा लिहाव्यात हे ठरविण्यासाठी १९९४ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन झाली. पण नियम एक आणि पाळणारे अनेक, अशी स्थिती राहिली. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर एक अर्थ लावी, फायरफॉक्स दुसरा. विशेषतः २००१ साली आलेल्या एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीने या मुलांची झोप उडविली होती. इतरत्र नीट दिसणारे पान तेथे विस्कटे. मग केवळ त्याच्यासाठी वेगळ्या सूचना लिहाव्या लागत.

मराठीचे दुखणे आणखी निराळे होते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे; तथापि बऱ्याच मराठी स्थळांनी आपापले खासगी फॉन्ट वापरले आणि ते पानाबरोबर धाडण्याची जी रीत धरली, ती एक्सप्लोररपुरतीच चाले. दुसऱ्या ब्राउझरात तेच मराठी पान उघडले की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. वाचकाला वाटे, पान करणाऱ्यालाच काम येत नाही.

अशा वेळी, २ सप्टेंबर २००८ रोजी, गूगलने क्रोम हा नवा ब्राउझर प्रसिद्ध केला. प्रथम तो केवळ विंडोजवर चाले. स्कॉट मॅकक्लाउड या चित्रकाराकडून काढून घेतलेल्या चित्रकथेतून त्याची माहिती दिली होती. या व्यवसायातील लोकांची प्रतिक्रिया एकसुरी नव्हती.

पहिली प्रतिक्रिया आनंदाची. क्रोम वेगवान होता. पानांतील जावास्क्रिप्ट चालविण्यासाठी त्यात व्ही-८ नावाचे नवे यंत्र होते. प्रत्येक टॅब स्वतंत्र चाले, त्यामुळे एक पान अडकले तरी बाकीची बहुधा शाबूत राहत. शिवाय त्याचे अंतरंग, वेबकिट, ॲपलच्या सफारीतलेच होते. सफारीत नीट दिसणारे पान येथेही बहुतेक नीट दिसे.

दुसरी प्रतिक्रिया थकव्याची. बहुतेक नीट म्हणजे पूर्ण नीट नव्हे. गिऱ्हाईक फोन करून विचारी, "नव्यात आमचे पान कसे दिसते?" उत्तर देण्यासाठी प्रत्येक पान पुन्हा तपासावे लागे. ठरलेली रक्कम तीच आणि रूळ मात्र एकाने वाढला.

तिसरी प्रतिक्रिया संशयाची, आणि ती आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. क्रोमच्या करारातील अकराव्या कलमात असे होते, की वापरणारा जो मजकूर त्यातून पाठवील वा दाखवील, तो वापरण्याचा कायमचा परवाना गूगलला मिळेल. जगभरच्या जाणकारांनी ओरड केली आणि दुसऱ्याच दिवशी गूगलने ते कलम बदलले. कारखान्याचा करार वाचल्याशिवाय सही करू नका, असे आम्ही उभा जन्म सांगत आलो; येथे वाचणारे निघाले म्हणून कलम गेले.

पुढे काय झाले? इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. त्याआधीच, डिसेंबर २०१८ मध्ये, मायक्रोसॉफ्टने आपल्या एज ब्राउझरसाठी क्रोमच्याच पायाचा स्वीकार जाहीर केला होता. आज जगातील सुमारे दोन-तृतीयांश वापर एकट्या क्रोमचा आहे. कोणी म्हणेल, रूळ एका मापाचे झाले, हमाली वाचली. आपल्या रेल्वेनेही १९९२ साली एकमापी रुळांची योजना हाती घेतली होतीच. आमचे उत्तर असे, की रेल्वेचे माप सार्वजनिक निर्णयाने ठरते, त्याबद्दल संसदेत प्रश्न विचारता येतो. ब्राउझरचे माप एका कंपनीच्या हाती गेले, तर प्रश्न कोणाला विचारणार? अमेरिकेच्या न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलची शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदा ठरविली. पण २ सप्टेंबर २०२५ रोजी, क्रोमच्या सतराव्या वाढदिवशीच, तो विकण्याची सक्ती करण्यास नकार दिला. म्हणजे प्रश्न उभाच आहे.

त्या मुलांना आम्ही तेव्हा एवढेच सुचविले: दर सांगताना कोणकोणत्या ब्राउझरांत पान तपासून देणार, त्यांची नावे कागदावर लिहा, आणि त्याबाहेरच्या प्रत्येकाचा दर निराळा लावा. मालक आधी कुरकुरला. मग दोन गिऱ्हाइकांनी न भांडता तो दर मान्य केला आणि तोही गप्प झाला. रविवार सगळे परत आले असे नाही. पण जे गेले त्यांचे पैसे पदरात पडू लागले.

नवे यंत्र आले म्हणून आम्ही कधी रडलो नाही. यंत्रे यावीत आणि चांगली यावीत. मात्र नवे यंत्र आले की आधी दोन गोष्टी विचाराव्यात: त्याने कोणाचे काम वाढते, आणि त्याची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे? मिरजेच्या हमालाला पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाठीने ठाऊक होते. संगणकापुढे बसणाऱ्या मुलामुलींची पाठही तितकीच दुखते. फक्त त्यांचे पोते डोळ्यांना दिसत नाही.