आपल्या ताकदीची सुरुवात

काशीचा संकठा घाट मराठी माणसाला परका वाटत नाही. शेजारी शिंदे घाट, दुसऱ्या अंगाला गंगामहाल आणि त्याला लागून नागपूरकरांचा भोसले घाट. याच काशीत पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ हा धर्मशास्त्रावरचा ग्रंथ रचला. त्यातल्या राजनीतीवरील ‘नीतिमयूख’ या भागात त्यांनी बुद्धिबळालाही जागा दिली. राजनीती सांगणाऱ्या पंडिताला हा खेळ अभ्यासाचा वाटला, ही मोठी गोष्ट आहे.

आपल्या जुन्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरके आणि आजचा किल्लेकोटही नव्हता. त्यामुळे दोन्ही बाजूंना सैन्य मांडायला सवड मिळे. आज प्यादे दोन घरे पुढे जाते आणि तिसऱ्या-चौथ्या खेळीलाच चकमक उडते. म्हणून सुरुवात कोणती खेळावी, हा प्रश्न नवशिक्यालाही चुकत नाही. माझे उत्तर एकच : ज्या सुरुवातीतील प्रत्येक खेळीचे कारण तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता येते, ती तुमची.

नवशिक्याने इटालियन सुरुवात घ्यावी. पांढऱ्याचे राजापुढचे प्यादे दोन घरे जाते, काळ्याचेही तसेच. पांढरा घोडा बाहेर येऊन त्या काळ्या प्याद्यावर डोळा ठेवतो, काळा घोडा त्याला जोर देतो. मग पांढरा उंट काळ्या राजाच्या उंटापुढील प्याद्यावर रोखला जातो, कारण त्या प्याद्याला फक्त राजाचाच जोर असतो. यानंतर किल्लेकोट. यात पाठांतर जवळजवळ नाही. वजीर लवकर बाहेर काढून चार खेळ्यांत मात देण्याचा मोह मात्र टाळावा. सावध प्रतिस्पर्धी त्याच वजिराला पळवत आपली मोहरी बाहेर काढतो.

स्पर्धा खेळू लागलेल्याने, म्हणजे फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या १४०० या किमान रेटिंगच्या आसपास पोहोचलेल्याने, काळ्याकडून कारो-कान आणि पांढऱ्याकडून वजिराच्या बाजूचा गँबिट शिकावा. इथे प्याद्यांची रचना डावागणिक पुन्हा पुन्हा तशीच येते, त्यामुळे एका डावात शिकलेले पुढच्या डावात उपयोगी पडते.

काळ्याकडून खेळायचे सिसिलियन नायडॉर्फ किंवा किंग्ज इंडियन हे गुंतागुंतीचे बचाव त्यानंतर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात महेशचंद्र बंदोपाध्याय ब्रिटिश खेळाडू जॉन कॉक्रेनविरुद्ध किंग्ज इंडियनच्या धर्तीचे डाव खेळत. पटाचा मध्य आधी प्रतिस्पर्ध्याला सोडून नंतर त्यावर तुटून पडण्याची ही रीत आहे. हल्ला नेमका कधी करायचा हे कळल्याशिवाय तिच्यात नुसती अडचण होते. पंधरा खेळ्या पाठ केलेले मूल सहाव्याच खेळीला अनोळखी उत्तर आले की गोंधळते, ते यामुळेच.

पंजाबचे सुलतान खान जुन्या हिंदुस्थानी नियमांत वाढले. पुस्तकी तयारी जेमतेम असताना त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवले. त्यांची ताकद मधल्या आणि अखेरच्या डावात होती. तेव्हा पालकांनो, मुलांच्या सरावाचा मोठा वाटा डावपेचांना आणि अखेरच्या डावाला द्या. हरलेला डाव पुन्हा मांडा. चूक विसाव्या खेळीला झाली असेल, तर सुरुवात बदलून काही साधणार नाही.