श्वास रोखून धरलेली अंडी

समुद्री कासवाचं अंडं मादीच्या पोटात एका टप्प्यापर्यंत वाढतं आणि तिथेच थांबतं. गर्भ जिवंत असतो, पण त्याची वाढ तहकूब झालेली असते. अंडवाहिनीतल्या दाट, चिकट स्रावामुळे अंड्यापर्यंत प्राणवायू जवळजवळ पोचतच नाही, आणि जोवर तो मिळत नाही तोवर गर्भ पुढचं पाऊल टाकत नाही. मादीला मनाजोगता किनारा मिळायला चार दिवस जास्त लागले, तरी आतलं कुणी घाई करत नाही. मग एका रात्री ती पुळणीवर चढते, अंडी वाळूत पडतात, त्यांना हवा लागते आणि थांबलेली वाढ तिथून पुढे सुरू होते. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी ताजी घातलेली अंडी प्राणवायू जवळपास नसलेल्या डब्यांत ठेवून पाहिली. आईच्या पोटाबाहेर येऊनही गर्भ पुढचे काही दिवस तसेच थांबून राहिले, आणि हवेत आणल्यावर वाढीला लागले. शंभरसव्वाशे जीव एकाच वेळी श्वास रोखून बसतात आणि हवा लागताच एकदम सुरू होतात, हे मला अजूनही दर वेळी नवं वाटतं.

या शोधाचा कोकणातल्या किनाऱ्यांशी अगदी सरळ संबंध आहे. हवा लागल्यापासून घड्याळ चालू होतं. पहिले काही तास अंडं कसंही हललं तरी चालतं, पण त्यानंतर गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला, वरच्या अंगाला चिकटतो. तेव्हा अंडं नुसतं उलटं झालं तरी गर्भ मरू शकतो. पुढचे सुमारे तीन आठवडे हा धोका असतो. म्हणजे भरती, कुत्री किंवा माणसांपासून वाचवायला घरटं हलवायचं असेल तर ते त्याच रात्री किंवा फार तर उजाडता उजाडता, आणि अंड्याची वरची बाजू वर ठेवूनच.

वेळास, आंजर्ले, गुहागर अशा गावांत हे काम करणाऱ्यांना कासवमित्र म्हणतात. नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा हंगाम. पहाटे अंधारातच ते पुळणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात. वाळूवर पाण्याकडून वर आलेला आणि परत पाण्यात गेलेला रुंद माग दिसला की समजायचं, ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी येऊन गेली. माग जिथे वळतो तिथली वाळू भुसभुशीत लागते. ती हातानेच, हलकेच उकरायची. दीडएक फूट खाली घरटं असतं. तोंड अरुंद, तळाला गोल, मडक्यासारखं. मादीने ते फक्त मागच्या दोन पायांनी, न बघता, आळीपाळीने एकेक ओंजळ वाळू काढत खणलेलं असतं. अंडी पांढरी, जेमतेम चार सेंटिमीटरची, आणि कवच कडक नाही, बोटाने दाबलं तर दबणारं. बादलीत आधी घरट्यातलीच ओलसर वाळू, मग एकेक अंडं न फिरवता. सुरूच्या बनाजवळ कुंपण घातलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीचा, त्याच घाटाचा खड्डा करून ती पुन्हा पुरायची, आणि तारीख व अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी रोवायची.

मादी जाताना एक विलक्षण गोष्ट करते. खड्डा बुजवून झाल्यावर ती पस्तीस-चाळीस किलोचं अख्खं शरीर डावीकडून उजवीकडे आपटत वाळू ठोकून घट्ट करते. साऱ्या समुद्री कासवांत ही सवय रिडलेच्या दोन जातींचीच. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं. समुद्राचं पाणी पिऊन अंगात साठलेलं जास्तीचं मीठ ती अशा रीतीने बाहेर टाकत असते.

मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ साली तिथे समुद्री गरुडांचा शोध घेत फिरत होते, तेव्हा त्यांना कासवांची लुटलेली घरटी दिसली. अंडी माणसं नेत, उरलेली कोल्हीकुत्री उकरत. मग गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षण सुरू झालं. घरटं कुठे आहे हे ज्यांना आधीपासून ठाऊक होतं तेच राखणदार झाले, आणि मला या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. पुढे कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, वनविभाग आणि कांदळवन कक्ष या कामात आले, आणि हीच पद्धत कोकण किनाऱ्यावरच्या इतर गावांत पोचली.

तरी हॅचरी ही नाइलाजाची सोय आहे. जिथे भरतीचं पाणी पोचत नाही, कुत्री फिरत नाहीत, तिथे घरटं आईने केलं तिथेच राहिलेलं उत्तम. कारण वाळू अंडी नुसती उबवत नाही. समुद्री कासवात पिल्लू नर होणार की मादी, हे उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात वाळूच्या तापमानावरून ठरतं. सुमारे तीस अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही निघतात. त्याहून दोन-तीन अंश गरम वाळूत जवळपास सगळ्या माद्या, थंड वाळूत नर. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांची तपासणी २०१८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तिथल्या अजून वयात न आलेल्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या आढळल्या. म्हणून हॅचरीवर सावलीसाठी घातलेलं हिरवं कापड आणि वाळूत पुरलेला तापमापक यांना फार महत्त्व आहे. उघड्या उन्हात केलेल्या हॅचरीतून हजारो पिल्लं समुद्रात जातील आणि त्यांत नर जवळपास नसतील, हे होऊ शकतं.

साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं नाकाच्या टोकावरच्या तात्पुरत्या दाताने कवच फोडतात, पण एकटं कुणी वर येत नाही. वरची वळवळली की छताची वाळू खाली झडते, खालची ती पायाखाली दाबतात, आणि सगळी जमात इंचाइंचाने वर सरकते. वाळूच्या थराखाली येऊन ती थबकतात. वरची वाळू तापलेली असेपर्यंत हालचाल बंद. बाहेर गारवा आला की निघायचं, म्हणूनच बहुतेक पिल्लं रात्री किंवा पहाटे बाहेर पडतात.

पाणी कुठे हे ती क्षितिजावरून ओळखतात. मागे सुरूच्या झाडांची, डोंगराची काळी कड, समोर समुद्रावरचा उघडा उजेड. काळोखी कड सोडून उजेडाकडे जायचं. लाखो वर्षं हे बिनचूक होतं. आता पुळणीमागे रिसॉर्टचा दिवा लागला की पिल्लं जमिनीकडे वळतात. आणि महोत्सवात पिल्लू तळहातावर घेऊन पाण्यात सोडावंसं कितीही वाटलं तरी सोडू नये. वाळूवर चालताना धरलेली दिशाच पिल्लू पुढे पाण्यातही टिकवून ठेवतं. पाण्यात शिरल्यावर ते सरळ लाटांच्या अंगावर पोहतं, कारण किनाऱ्याजवळ लाटा समुद्राकडूनच येतात. आणि लाटा संपल्यावर?

इथून पुढचं मला सगळ्यात अद्भुत वाटतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या केनेथ लोमन यांनी लॉगरहेड जातीची नुकती जन्मलेली पिल्लं कापडी पट्ट्यांनी बांधून गोल टाकीत पोहत ठेवली. टाकीभोवती तारांची वेटोळी होती. वीज सोडून आतलं चुंबकीय क्षेत्र बदललं की पिल्लाने दिशा बदलली. पृथ्वीच्या चुंबकीय रेषांचा कल आणि जोर ठिकठिकाणी वेगळा असतो. या दोन मोजमापांवरून पिल्लाला आपण कुठे आहोत याचा अंदाज येतो. ज्याने अटलांटिक कधी पाहिला नाही ते पिल्लू दूरच्या जागेचं क्षेत्र ओळखून योग्य दिशेला वळतं. २०२५ साली याच प्रयोगशाळेने दाखवलं की कासवं एखाद्या जागेची चुंबकीय खूण शिकूही शकतात. जिथल्या क्षेत्रात खायला मिळालं होतं ते क्षेत्र पुन्हा निर्माण केलं, की ती अन्नाच्या आशेने पाण्यात उसळून नाचू लागत.

एवढी दिशा कळणारा प्राणी जातो तरी कुठे? अरबी समुद्राची आपली आणि बंगालच्या उपसागराची ओडिशाची, अशी दोन वेगळी कुटुंबं असावीत असा बऱ्याच जणांचा समज होता. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्येच्या किनाऱ्यांवर लाखो माद्या एकाच हंगामात येतात. कोकणात त्या एकेकट्या येतात. मग २०२३ साली गुहागरला बागेश्री नाव दिलेल्या मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं. ती दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घातला आणि बंगालच्या उपसागरात शिरली. आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्याच पुळणीवर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूची पट्टी सापडली. क्रमांक ०३२३३. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने मार्च २०२१ मध्ये ती ओडिशात लावली होती. एकाच मादीने देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर घरटी केली होती, आणि मधलं अंतर, श्रीलंकेला वळसा घालून, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर.

याचा अर्थ ओडिशात ट्रॉलच्या जाळ्यात गुदमरलेली मादी कोकणातली घरटी कमी करू शकते, आणि उलटही. कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर बुडून मरतं. कोळंबीच्या ट्रॉलजाळ्यात तिरपी सळ्यांची चौकट बसवली तर कोळंबी सळ्यांमधून मागे जाते आणि कासव वरच्या किंवा खालच्या फटीतून सुटतं. मासळी निसटेल या भीतीने कोळी बांधव चौकट टाळतात. ही भीती पोटापाण्याची आहे. ती दटावून जाणार नाही, होणारं नुकसान कुणीतरी वाटून घेतलं तरच जाईल. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून तशी एक योजना आहे: संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

पट्ट्या आणि यंत्रं आजवर मुख्यतः माद्यांनाच लागली आहेत, कारण पाण्यात शिरलेला नर सहसा पुन्हा जमिनीवर पाऊल ठेवत नाही. पण एका घरट्यातल्या पिल्लांचे जनुक तपासले की त्यांचे बाप कळतात, आणि ऑलिव्ह रिडलेच्या एकाच घरट्यात ते कधी कधी एकाहून जास्त निघतात. नराची ओळख पटवायची आणखी एक संधी म्हणजे जाळ्यात आलेला, लांब जाड शेपटीचा, जिवंत नर. होडीच्या तांडेलाने त्याचा आणि पट्टी असेल तर पट्टीवरच्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढावा, तारीख-वेळ आणि जीपीएसवरचं ठिकाण लिहून ठेवावं, आणि जाळं कापून त्याला पाण्यात सोडावं. तोच फोटो भरपाईच्या अर्जालाही लागतो.