काडी मोडली, पण कागद कुठाय?

मराठीत नवराबायकोच्या वेगळं होण्याला तीन जुने शब्द आहेत: काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी. ‘घटस्फोट’ त्या मानाने सोवळा वाटतो. पण तोही मुळात एखाद्याला जातीबाहेर टाकताना घडा फोडायच्या विधीचा शब्द. शब्द कोणताही वापरा, कोर्ट विचारतं ते वेगळंच.

मध्य प्रदेशात बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनार तहसिलीत हा प्रश्न जास्तच गुंततो. देडतलाईवरून पुढे गेलं की धारणी, म्हणजे मेळघाट; शेजारी बुलढाणा आणि जळगाव. सोयरिकी राज्याची हद्द पाहून होत नाहीत. त्या मोडतात तेव्हा मात्र हद्द आडवी येते.

पहिला प्रश्न, तुम्हाला कायदा कोणता लागू? बहुतेक हिंदूंना १९५५चा हिंदू विवाह कायदा. पण त्याच्याच दुसऱ्या कलमाने अनुसूचित जमाती बाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे इथल्या कोरकू आणि भिल्ल कुटुंबांत समाजाची रीत हाच कायदा. बाकीच्या हिंदू जातींतही जुनी रूढी असेल तर तिने झालेली फारकत या कायद्याला मान्य आहे. अट एवढीच की रूढी सिद्ध करावी लागते. २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलं. रूढी नसताना पाचशेच्या स्टँपवर दोघांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का घेतला, तर त्याला घटस्फोट म्हणत नाहीत. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न लावणाऱ्यावर द्विविवाहाचा गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि त्याला शिक्षा सात वर्षांपर्यंत.

दोघं राजी असतील तर वाट सरळ आहे: संमतीचा अर्ज. त्याआधी वर्षभर वेगळं राहिलेलं हवं. ‘वेगळं’ म्हणजे वेगळी चूल असलीच पाहिजे असं नाही. एका छपराखाली राहूनही नवराबायकोसारखं न राहणं चालतं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं. २०१७पासून योग्य प्रकरणात न्यायाधीश तेही माफ करू शकतात. मात्र हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, आणि मग सगळं मुसळ केरात.

मन अजून पक्कं झालेलं नसेल तर कायद्यात ‘न्यायिक विभक्तता’ आहे. लग्न कायम, एकत्र राहायचं बंधन नाही, दुसरं लग्नही नाही. त्या हुकमानंतर वर्षभरात संसार पुन्हा सुरू झाला नाही, तर कुणीही घटस्फोट मागू शकतं. हा पर्याय फार थोड्यांच्या लक्षात येतो.

पोटगीसाठी घटस्फोटाची वाट पाहायची गरज नाही, धर्म-जातही आड येत नाही. याच मध्य प्रदेशातल्या इंदूरच्या शाहबानो या मुस्लिम बाईंना खालच्या कोर्टाने महिना २५ रुपये दिले, उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे केले आणि १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. तेव्हाचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका खटल्यात २०२०मध्ये ठरलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची आणि दोघांनीही कमाई-मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं. त्यामुळे ‘मला काही मिळकत नाही’ असं नुसतं तोंडी सांगून आता भागत नाही. घरात मारहाण असेल तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला त्याच घरात राहायचा हक्क मिळू शकतो, घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी.

आता हद्दीचं. खकनारची लेक जळगावला दिली, ती माहेरी परतली, तर २००३च्या दुरुस्तीमुळे ती जिथे राहते तिथल्या कोर्टात, म्हणजे बऱ्हाणपूर जिल्ह्यातच, घटस्फोटाचा अर्ज टाकू शकते. नवऱ्याने आधी जळगावला टाकला तर? राज्य बदलतं, म्हणून खटला इकडे आणायची विनंती थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात करावी लागते. म्हणून वकील गाठायला उशीर नको. वकिलाच्या फीला अडायचं कारण नाही: बाई असेल किंवा अनुसूचित जमातीचं कुणी असेल, तर मिळकत न विचारता सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन लावायचा. जाताना लग्नाची पत्रिका किंवा फोटो, मुलांचे जन्मदाखले आणि बँकेचं पासबुक सोबत असावं. पंचांपुढे काही लिहून झालं असेल तर तो कागदही.