नवा कण टकरीत घडतो

कोलायडर (कणांचे झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवणारे यंत्र) म्हटले की अनेकांना वाटते, टकरीत प्रोटॉन फुटतो आणि आत दडलेला नवा कण बाहेर पडतो. प्रोटॉन फुटतो हे खरे. पण नवा कण त्याच्या आत नसतो.

मालवणात दोन नारळ एकमेकांवर आपटले, तर करवंटी, खोबरे आणि पाणीच मिळेल. कोलायडरमध्ये मात्र जणू त्या दोन्हींपेक्षा जड फणस तयार होतो. आइन्स्टाइनच्या सूत्रानुसार वेगाची ऊर्जा वस्तुमानात बदलते. उदाहरणार्थ, हिग्ज बोसॉन हा कण प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट जड आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेतील २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात तो असाच घडला. शोध ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झाला.

असा कण तत्क्षणी विघटित होतो. शोधक (टकरीतून निघालेल्या कणांची नोंद घेणारे उपकरण) टिपतो त्या त्याच्या खुणा. या खुणा कशा असतील, याचे गणित आधी मांडावे लागते. पुण्यात जन्मलेल्या, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांनी त्यातच कारकीर्द घालवली. अशाच गणिताच्या आधारे शोधले जाणारे, अतिसममितीने (प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण असावा, ही कल्पना) सुचवलेले कण अजून सापडलेले नाहीत. तरी त्यांचा शोध वाया गेलेला नाही. ते कण किती वस्तुमानापर्यंत संभवत नाहीत, याची मर्यादा त्यातूनच ठरत जाते.