पाच सेंटांचे तिकीट आणि महापौरांची खुर्ची

शहरांचे कारभारी : लेखांक ९

सोन्याच्या ओढीने सॅन फ्रान्सिस्को बंदर कसे गजबजले, ते गेल्या आठवड्यात आपण पाहिले. त्याच गर्दीत १८५० साली अडॉल्फ सुत्रो हे वीस वर्षांचे ज्यू तरुण येऊन पोचले. प्रशियातल्या आखेन शहरात वडिलांचा कापडाचा कारखाना होता. वडील गेल्यावर कुटुंबाने अमेरिकेची वाट धरली. सुत्रो सोने खणायच्या फंदात पडले नाहीत. त्यांनी तंबाखू आणि सिगार विकायला सुरुवात केली. चव्वेचाळीस वर्षांनी हेच दुकानदार शहराचे महापौर म्हणून निवडून आले.

लोकांनी त्यांना का निवडले, हे समजण्यासाठी आधी नेव्हाडातल्या कॉमस्टॉक खाणींकडे वळायला हवे. चांदीच्या या खाणी जसजशा खोल गेल्या, तसतसे त्यांत कढत पाणी भरू लागले, हवा कोंदू लागली. सुत्रोंनी उपाय सुचवला : कार्सन नदीच्या खोऱ्यातून डोंगराच्या पोटात सुमारे सहा किलोमीटरचा बोगदा खणायचा. पाणी आपसूक वाहून जाईल, हवा खेळेल आणि कामगारांना सुटकेची वाट मिळेल. १८६६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याला मंजुरी दिली. पण खाणी आणि गिरण्या मुठीत ठेवणाऱ्या बँक ऑफ कॅलिफोर्नियाच्या मंडळींना आपली मक्तेदारी जाण्याची भीती वाटली. त्यांनी भांडवल उभे राहू दिले नाही.

एप्रिल १८६९ मध्ये यलो जॅकेट खाणीला आग लागून किमान ३५ कामगार दगावले. सुत्रो व्हर्जिनिया सिटीच्या नाट्यगृहात थेट खाणकामगारांपुढे उभे राहिले. बोगदा असता तर ही माणसे वाचली असती, हे त्यांनी ठणकावून सांगितले. कामगार संघटनेने ५० हजार डॉलर काढून दिले आणि १९ ऑक्टोबरला पहिली कुदळ पडली. बोगदा खाणीला भिडायला मात्र १८७८ साल उजाडले. तोवर चांदीचा बहर ओसरला होता. सुत्रोंनी आपले शेअर वेळीच विकले. मागे राहिलेल्या भागधारकांच्या हाती फारसे काही लागले नाही.

त्या पैशातून त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत जमिनी घेतल्या. शहराचा साधारण बारावा हिस्सा त्यांच्या मालकीचा झाला, असे सांगतात. समुद्राकाठची आपली बाग त्यांनी सर्वांना खुली केली. शेजारी काचेच्या छताखाली प्रचंड स्नानगृह बांधायला घेतले. त्यात सात तलाव होते, पैकी सहा खाऱ्या पाण्याचे. भरती आली की तासाभरात ते भरत.

पण तिथवर जायचे कसे? सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या वर्चस्वाखालची ट्राम कंपनी दहा सेंट भाडे घेई. म्हणजे चार माणसांना जाऊन-येऊन ऐंशी सेंट. भाडे पाच सेंटच हवे, असा सुत्रोंनी आग्रह धरला. कंपनी बधेना, तेव्हा त्यांनी आपल्या जागेला कुंपण घातले. या भांडणाने ते घराघरांत पोचले आणि १८९४ मध्ये पॉप्युलिस्ट पक्षाच्या तिकिटावर जिंकले.

महापौरपदी मात्र ते अपयशी ठरले. १८५६ च्या कायद्याने महापौरांना फार थोडे अधिकार दिले होते. खरी सूत्रे पर्यवेक्षक मंडळाकडे होती. मंडळाला सोबत घेऊन, मने वळवून काम करणे, हा एकहाती कारभार केलेल्या सुत्रोंचा पिंड नव्हता. पाच सेंटांचे भाडे अखेर आले, पण ते महापौरांच्या आदेशाने नव्हे. १८९६ मध्ये त्यांनी स्वतःची विजेची ट्राम सुरू केली, म्हणून ते आले. त्याच वर्षी स्नानगृहही खुले झाले.

या औदार्याला मर्यादाही होत्या. १८९७ मध्ये स्नानगृहात एका कृष्णवर्णीय गृहस्थांना तलावात उतरू दिले नाही. राज्याच्या नव्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे ते कोर्टात गेले आणि जिंकले. पुढच्याच वर्षी, ८ ऑगस्ट १८९८ रोजी सुत्रो वारले.

मक्तेदारीशी झुंजणाऱ्या या व्यापाऱ्याचे शहरावर ऋण आहे, यात शंका नाही. पण स्वस्त ट्राम किंवा खुली बाग मालकाच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर ती नागरिकांचा हक्क ठरत नाही. हक्क कायद्याने आणि चांगल्या कारभारानेच टिकतात. सुत्रोंनंतर आलेले महापौर जेम्स फेलन यांनी नेमके तेच ओळखले आणि शहरासाठी नवी सनद घडवून आणली. तिच्याविषयी पुढच्या आठवड्यात.