मैल वहीत मांडायला हवेत

पालघरच्या किनाऱ्यावर माहीम, वडराई, सातपाटी या पट्ट्यात ‘पोरगा बोटीवर आहे’ म्हटलं की दोनच अर्थ निघतात. एक तर तो मासेमारीला जातो, नाहीतर मर्चंट नेव्हीत आहे. मी दोन्ही केलं. वडलांच्या बोटीवर खलाशी म्हणून वाढलो आणि पुढे मालवाहू जहाजांच्या डेकवर नोकरी केली. हल्ली गावातली मुलं तिसराच प्रश्न घेऊन येतात. शिडाच्या नौकेवर लांबच्या सफरीला क्रू म्हणून जायचं, तर काय करावं लागतं?

हा रस्ता सीडीसीचा, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकाचा, नाही, हे आधीच सांगतो. व्यापारी जहाजावर चढायला सीडीसी लागते आणि त्यासाठी जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजी शिपिंगच्या, मान्यताप्राप्त संस्थेत आग विझवणं, पाण्यात जीव वाचवणं, प्रथमोपचार असे कोर्स करावे लागतात. हौसेच्या नौकेवर कुणाला घ्यायचं ते मात्र तिचा कप्तान, म्हणजे स्किपर, ठरवतो. तो कागद बघतो आणि हातही बघतो. सगळीकडे ओळखला जाणारा कागद ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा, म्हणजे आरवायएचा. त्यातली क्रूची पायरी म्हणजे ‘कॉम्पिटंट क्रू’. पूर्वानुभवाची अट नाही. पाच दिवस नौकेवरच राहायचं, तिथेच रांधायचं, तिथेच झोपायचं. शेवटी परीक्षा नसते, कारण शिक्षक पाचही दिवस तुम्हाला बघतच असतो.

मी तो कोर्स रजेत केला, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सोलंटमध्ये. दोर माझ्या हाताला लहानपणापासून माहीत, पण विंच नवा होता. विंच म्हणजे डेकवर घट्ट बसवलेला उभा ढोल. शिडाच्या दोराचे, म्हणजे शीटचे, त्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तीन-चार वेढे घ्यायचे आणि दांडा लावून आवळायचं. फुगलेल्या शिडाचा सगळा ओढा त्या वेढ्यांवर येतो. दोर सैल करताना एक तळवा वेढ्यांवर सपाट दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने शेपूट इंच-इंच सोडायची. अंगठा वेढ्यात सापडला तर गेलाच म्हणायचा.

दुसरा फरक बोलण्याचा. आमच्याकडे तांडेल एकदा ओरडला की सगळे कामाला लागतात. तिथे प्रत्येक हुकमाला उत्तर द्यावं लागतं. नौकेचं तोंड वाऱ्यातून पलीकडे वळवताना, म्हणजे टॅक घेताना, स्किपर आधी ‘रेडी अबाऊट’ विचारतो. दोन्ही बाजूंच्या दोरांवरून ‘रेडी’ आल्याशिवाय तो सुकाणू फिरवत नाही. माणूस पाण्यात पडला तर बघणाऱ्याने ओरडायचं, तरंगतं कडं फेकायचं आणि एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत उभं राहायचं. त्याने नजर हलवायची नाही, दुसरं काम करायचं नाही. दोन लाटा मध्ये आल्या की माणसाचं डोकं पुन्हा सापडत नाही.

क्रूच्या पुढची पायरी ‘डे स्किपर’. त्या कोर्सला बसण्याआधी पाच दिवस, 100 सागरी मैल आणि रात्रीचे चार तास गाठीला असावे लागतात. ‘यॉटमास्टर ऑफशोअर’ला 50 दिवस, 2,500 मैल आणि प्रत्येकी 60 मैलांहून मोठ्या पाच सफरी. एक सागरी मैल 1,852 मीटरचा. माहीमहून निघून मुंबई बंदर गाठलं तरी साठ भरत नाहीत, यावरून अंदाज यावा. त्या 2,500 मैलांपैकी निदान निम्मे भरती-ओहोटीच्या पाण्यातले हवेत. त्याची आपल्याला चिंता नाही. खंबातच्या आखाताकडे जावं तशी भरती वाढत जाते, आणि ओहोटीला सातपाटीच्या खाडीत बोटी गाळात बसलेल्या इथलं शेंबडं पोरही बघतं.

अडचण वेगळीच आहे. आमच्या वडलांनी किती मैल समुद्र तुडवला याची एका ओळीचीही नोंद नाही. इंजिनाच्या मासेमारी बोटीवरचे मैल शिडाच्या दाखल्याला तसे उपयोगीही नाहीत. उलट शहरातल्या मुलांकडे दाखला असतो, पण रात्री दोनच्या पाळीला उलट्या होत असताना सुकाणू धरलेलं नसतं.

नौदलाने दाखला आणि अनुभव या दोन्हींची सांगड घातली. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 56 फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. निघण्यापूर्वी ते ब्रिटिश दर्यावर्दी सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली शिकले. दोंदे यांच्या मदतीला किनाऱ्यावर असलेले अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता जगाला वळसा घालून आले. मग 2017-18 मध्ये ‘तारिणी’ या नौकेवरून सहा महिला अधिकारी प्रदक्षिणेला गेल्या. त्यांना दोंदे यांनी तयार केलं. 2024-25 मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघी अधिकाऱ्यांनीच प्रदक्षिणा पुरी केली, तेव्हा मार्गदर्शक टॉमी होते. आधी दुसऱ्याच्या हाताखाली राबायचं आणि मग आपली पाळी, असंच हे चालत आलंय.

म्हणून मुलांना सांगतो, सरळ परदेशी कोर्सचे पैसे भरू नका. पावसाळा सरला की मुंबई गाठा. तिथे शिडाच्या नौकांच्या शर्यतीच्या दिवशी कुठल्या ना कुठल्या स्किपरला माणूस कमी पडतोच. दोर ओढा, डेक धुवा, भांडी घासा. घरी परतण्याआधी लॉगबुकात तारीख, नौकेचं नाव, मैल, रात्रीचे तास लिहा आणि खाली स्किपरची सही घ्या. कोर्स पुढच्या वर्षीही करता येतो. सही मात्र त्याच दिवशी मिळते.